पेपरात आलेली आरोग्याची बातमी कितपत खरी मानायची, हे कसं ठरवावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: आई रोज पेपरातली कात्रणं काढून ठेवते, त्यात एक दिवस कॉफी हृदयाला चांगली असते आणि महिन्याभराने तीच वाईट ठरते. परवा तर काहीतरी वाचून त्या बीपीची गोळी बंद करते म्हणाल्या. मग सामान्य वाचकाने अशा बातम्यांवर किती भरवसा ठेवावा?

आधी गोळीचं. ती चालूच राहू द्या आणि कात्रण घेऊन त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा. रक्तदाबाच्या काही गोळ्या एकदम थांबवल्या तर दाब उलटा उसळतो. कुठल्याही बातमीला, ती कितीही खरी असली तरी, तुमच्या आईंचे रिपोर्ट माहीत नसतात.

आता बातम्यांचं. मी डॉक्टर नाही. बरीच वर्षं एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर काढली आहेत आणि त्यात आरोग्याची पुरवणीही सांभाळली आहे. त्या अनुभवावरून सांगतो, आरोग्याची बातमी धडधडीत खोटी क्वचितच असते. ती कापलेली असते.

एजन्सीकडून इंग्रजी कॉपी येते ती पाच-सहाशे शब्दांची. पानावर जागा असते दीडशे शब्दांची आणि संध्याकाळी एखादी जाहिरात वाढली की तेवढीही राहत नाही. मग बातमी कापायची ती खालून, अशी जुनी रीत आहे. कारण बातमी लिहितानाच महत्त्वाचं वर आणि किरकोळ खाली असं लिहिलेलं असतं. अपघाताच्या किंवा निवडणुकीच्या बातमीला याने काही होत नाही. पण आरोग्याच्या बातमीत तळाला काय असतं? ‘हा प्रयोग उंदरांवर झाला आहे’, ‘दोन गोष्टी एकत्र दिसल्या, एकीमुळे दुसरी घडली असं सिद्ध झालेलं नाही’, ‘अभ्यासाचा खर्च अमुक कंपनीने केला’. नेमकं हेच कात्रीत जातं. वर उरतं ते हेडिंग आणि एका प्राध्यापकाचं उत्साही वाक्य.

म्हणून मी बातमी वाचताना तिच्यात काय लिहिलंय यापेक्षा काय गळलं असेल ते शोधतो. प्रयोग कोणावर केला, किती जणांवर, कशाशी तुलना करून, आणि पैसे कोणाचे. एवढं सापडलं तर पुढे वाचावं. चारपैकी एकाचंही उत्तर नसेल तर ती बातमी करमणूक म्हणून वाचायला हरकत नाही.

सगळा दोष डेस्कच्या माथी मारू नका, हेही सांगायला हवं. २०१४च्या डिसेंबरमध्ये ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात कार्डिफ विद्यापीठाच्या संशोधकांचा एक अभ्यास आला होता. ब्रिटनमधल्या २० मोठ्या विद्यापीठांनी २०११ साली काढलेल्या ४६२ प्रेस नोट त्यांनी मूळ शोधनिबंधांशी ताडून पाहिल्या. ४० टक्के प्रेस नोटमध्ये लोकांना दिलेला सल्ला निबंधातल्यापेक्षा ठाम होता. ३३ टक्क्यांमध्ये नुसत्या संबंधाला कारण ठरवलं होतं. प्राण्यांवरच्या संशोधनाबद्दलच्या प्रेस नोटपैकी ३६ टक्क्यांमध्ये निष्कर्ष माणसांना परस्पर लावून टाकला होता. प्रेस नोट फुगलेली असेल तर बातमीही बहुतेक वेळा फुगलेली निघाली. प्रेस नोट सरळ असेल तेव्हा मात्र फुगवट्याचं प्रमाण बरंच कमी होतं. म्हणजे पाणी बहुतेक वेळा उगमापाशीच गढूळ होतं. संशोधकालाही नाव हवं असतं, विद्यापीठालाही.

आता जवळचं उदाहरण घेतो, कारण त्या दिवसांत आमच्या सोसायटीतली निम्मी माणसं मला जिन्यात गाठत होती. २०२४च्या एप्रिलच्या शेवटी बातमी आली की, अ‍ॅस्ट्राझेनेकाने लंडनच्या न्यायालयात आपल्या कोरोना लशीचा दुष्परिणाम कबूल केला. आपल्याकडे तीच लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने कोविशिल्ड म्हणून बनवली आणि देशात सर्वाधिक डोस तिचेच दिले गेले. त्यामुळे वाहिन्यांवर दिवसभर लाल पट्ट्या, ‘तुम्ही कोविशिल्ड घेतली होती का?’ असे थेट कॅमेऱ्याकडे बघून विचारलेले प्रश्न. त्याच सुमारास लशीच्या प्रमाणपत्रावरून पंतप्रधानांचा फोटो गेला, तो निवडणुकीच्या आचारसंहितेमुळे. लोकांनी त्याचाही धागा याच बातमीला जोडला.

न्यायालयातली कागदपत्रं खरी होती. गळलं होतं ते बाकीचं. त्या दुष्परिणामाचं नाव टीटीएस: रक्तात गुठळ्या होतात आणि त्याच वेळी प्लेटलेट कमी होतात. कंपनीचं म्हणणं होतं, हे ‘अत्यंत क्वचित’ होऊ शकतं. यात नवीन काय होतं? युरोपच्या औषध नियामकाने ७ एप्रिल २०२१लाच हा दुष्परिणाम लशीच्या माहितीत नोंदवायला सांगितलं होतं. आपल्या केंद्र सरकारच्या समितीनेही मे २०२१मध्ये गंभीर घटनांची छाननी करून गुठळ्यांची शक्यता असलेल्या २६ केसेस जाहीर केल्या होत्या, म्हणजे दर १० लाख डोसमागे ०.६१. लस घेतल्यापासून २० दिवसांत धाप लागली, छातीत दुखलं, हातपाय सुजले, डोकं असह्य दुखलं तर दवाखान्यात जा, असंही तेव्हाच सांगितलं होतं. हे सगळं तेव्हा छापूनही आलं होतं, पण दुसऱ्या लाटेत ऑक्सिजनच्या आणि स्मशानाच्या बातम्यांपुढे ते कोण वाचणार!

टीटीएस होतो तो लशीनंतरच्या काही आठवड्यांत. तीन वर्षांपूर्वी डोस घेतलेल्या माणसाने २०२४मध्ये रात्री छातीवर हात ठेवून जागं राहायचं काही कारण नव्हतं. हे एक वाक्य पहिल्याच परिच्छेदात आलं असतं तर अर्धी घबराट तिथेच शमली असती. पण मग दिवसभर पट्टी चालवायला काय उरलं असतं?

तरुणांचे अचानक मृत्यूही लशीच्या माथी मारले गेले, त्यांचंही तसंच. आयसीएमआर या केंद्र सरकारच्या वैद्यकीय संशोधन संस्थेने ४७ रुग्णालयांमधून १८ ते ४५ वयोगटातल्या अशा ७२९ मृत्यूंची माहिती घेतली, ती २,९१६ जिवंत माणसांच्या माहितीशी ताडली, आणि तो अभ्यास २०२३च्या अखेरीस प्रसिद्ध केला. लशीमुळे धोका वाढल्याचं त्यात दिसलं नाही. धोका जोडलेला दिसला तो घरातल्या अचानक मृत्यूच्या इतिहासाशी, कोरोनासाठी रुग्णालयात दाखल व्हावं लागण्याशी, मृत्यूआधीच्या दोन दिवसांतल्या बेसुमार दारूशी आणि अतिश्रमाच्या व्यायामाशी. मृत माणसांची तुलना जिवंतांशी केली, हे त्यातलं मोलाचं. जिममध्ये कोसळलेल्या मुलाचा सीसीटीव्ही व्हिडिओ शंभर वेळा दाखवला तरी ही तुलना त्यातून मिळत नाही.

टक्क्यांच्या बातम्यांत आणखी एक गोची असते. २०१५च्या ऑक्टोबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने सॉसेज, बेकनसारख्या प्रक्रिया केलेल्या मांसाला पहिल्या गटात टाकलं. तंबाखूही त्याच गटात आहे. लगेच हेडिंगं झाली, सॉसेज सिगारेटइतकंच घातक! पण तो गट पुरावा किती पक्का हे सांगतो, धोका किती मोठा हे सांगत नाही. रोज ५० ग्रॅम असं मांस खाल्लं तर आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो, हा आकडा खरा. आता ब्रिटनमध्ये आयुष्यभरात शंभरातल्या साधारण सहा जणांना हा कर्करोग होतो. सहाचे १८ टक्के म्हणजे सुमारे एक. म्हणजे शंभर माणसांनी जन्मभर रोज ते खाल्लं तर सहाऐवजी सात. मी खात नाही, पण ते या बातमीमुळे नव्हे. ‘धोका दुप्पट’ असं वाचलं की आधी किती होता ते शोधा. सात हजारांत एकाचे दोन झाले तरी ते दुप्पटच असतं. ब्रिटनमध्ये १९९५ साली गर्भनिरोधक गोळ्यांच्या बाबतीत नेमकं हेच झालं. गुठळ्यांचा धोका दुप्पट, एवढंच ऐकून बायकांनी घाबरून गोळ्या सोडल्या आणि पुढच्या वर्षी गर्भपात हजारोंनी वाढले.

नव्या आजाराच्या पहिल्या आठवड्यातल्या बातम्यांचं मात्र वेगळं आहे. तिथे काही कापलेलं नसतं, मुळात कोणालाच काही कळलेलं नसतं. २०२५च्या जानेवारीत बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत माणसांचे केस मुठीने गळायला लागले. दोन-तीन दिवसांत टक्कल. काही ठिकाणी त्याचं ‘टक्कल व्हायरस’ असं बारसंही झालं, व्हायरसचा मागमूस नसताना. मग पाण्यातलं नायट्रेट आलं, मग बुरशी आली. प्रत्येक संशयाची बातमी निष्कर्षासारखी छापली गेली. विंचूदंशावरच्या संशोधनामुळे नावाजलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी फेब्रुवारीत वेगळंच बोट दाखवलं: रेशनच्या गव्हातलं सेलेनियम हे खनिज. रुग्णांच्या रक्तात, लघवीत, केसांत ते जास्त आणि जस्त कमी, असं त्यांच्या तपासणीत आलं. मला यातलं हे कारण सर्वांत पटण्याजोगं वाटतं, कारण ते नुसत्या अंदाजावर थांबलं नाही, नमुने तपासून आलं. अशा वेळी ‘प्राथमिक अंदाज’ हे दोन शब्द बातमीत आहेत का बघा. नसतील तर ते आपल्या मनाने घालून वाचा. आणि पंधरा दिवसांनी पुन्हा शोधा, कारण दुसरी बातमी आतल्या पानावर चार ओळींची असते.

जाहिरातींबद्दल लिहायला बसलो तर दुसरं उत्तर होईल. पुरवणीत एखाद्या डॉक्टरचा सुहास्य फोटो, खाली गुडघ्याच्या नव्या शस्त्रक्रियेची स्तुती, धोक्याबद्दल अवाक्षर नाही आणि शेवटी रुग्णालयाचा फोन नंबर असेल, तर ती जागा बहुधा विकलेली असते. कोपऱ्यात बारीक टायपात ‘जाहिरात’ किंवा ‘प्रायोजित’ असं कधी असतं, कधी नसतं. मधुमेह, कर्करोग अशा ठरावीक आजारांवर इलाजाचा दावा करणाऱ्या जाहिरातींना १९५४च्या कायद्याने बंदी आहे. पाळतं कोण, ते तुम्ही रोज सकाळी बघताच. पतंजलीने कोरोनावर सात दिवसांत शंभर टक्के गुण येतो म्हणून जून २०२०मध्ये कोरोनिल आणलं, तेव्हा वाहिन्यांनी तो कार्यक्रम थेट दाखवला. आयुष मंत्रालयाने जाहिरात थांबवायला सांगितली त्याच दिवशी. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल सर्वोच्च न्यायालयाने पतंजलीला छापील माफी मागायला लावली ती २०२४च्या एप्रिलमध्ये, आणि तीही इतकी छोटी छापली होती की जाहिराती एवढ्याच आकाराच्या असायच्या का, असं न्यायमूर्तींनी विचारलं.

डेस्कवरच्या काही खुणाही सांगून ठेवतो. हेडिंगच्या शेवटी प्रश्नचिन्ह असेल तर लिहिणाऱ्याचीच खात्री नव्हती. ‘तज्ज्ञांच्या मते’ लिहून तज्ज्ञाचं नाव नसेल तर बहुतेकदा तो तज्ज्ञ म्हणजे दुसरी वेबसाइट. ‘जाणून घ्या’, ‘चौथा पदार्थ तर तुम्ही रोज खाता’ असलं काही दिसलं की पुढे जा. ते वाचकासाठी नाही, गुगलसाठी लिहिलेलं असतं. नियतकालिकाचं नाव दिलं असेल तर ते आणि विषय इंग्रजीत पबमेड या वैद्यकीय शोधनिबंधांच्या वेबसाइटवर टाका, सारांश फुकट वाचता येतो. अर्थात नियतकालिक आहे म्हणजे सगळं आलबेल असंही नाही. २०१५ साली जॉन बोहानन या पत्रकाराने मुद्दाम पंधरा माणसांवर एक फुसका प्रयोग केला, अठरा गोष्टी मोजल्या, त्यातली एक योगायोगाने जुळली आणि ‘चॉकलेटने वजन घटतं’ हा निबंध पैसे भरून छापून आणला. जर्मनीच्या ‘बिल्ड’ या दैनिकापासून अनेक देशांतल्या माध्यमांनी तो उचलला. माणसं किती होती, हे बातमी देणाऱ्या बहुतेकांनी विचारलंच नाही.

चांगली बातमी कशी असते तेही सांगतो, नाहीतर तुम्ही पेपरच बंद कराल. पुण्यात २०२५च्या सुरुवातीला सिंहगड रस्त्याच्या परिसरात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) रुग्ण वाढले तेव्हा ‘नवा गूढ आजार’ छापणारेही होते. पण त्याच आठवड्यांत काही स्थानिक बातमीदारांनी नीट लिहिलं: हा आजार जुना आहे, एरवीही वर्षाला लाखात एक-दोन जणांना होतो, माणसाकडून माणसाला लागत नाही. रुग्ण नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत एकवटले आहेत, काहींच्या शौचाच्या नमुन्यात कॅम्पायलोबॅक्टर हा जिवाणू सापडला आहे, तेव्हा संशय पाण्यावर आहे. पाणी उकळून प्या, मांस नीट शिजवा, हातापायांत अचानक अशक्तपणा आला तर थांबू नका. त्यात जागा होती, प्रमाण होतं, जे अजून ठरायचं होतं ते ‘संशय’ म्हणून लिहिलं होतं, आणि संध्याकाळी घरी काय करायचं तेही होतं. असं लिहिणाऱ्यांची नावं बायलाइनमध्ये, म्हणजे बातमीवरच्या नावाच्या ओळीत, असतात. मी पेपर बघून नाही, ती नावं बघून वाचतो.