रात्री पायात गोळे येतात, म्हणून रोज मॅग्नेशियमची गोळी घेतली तर चालेल का?

किडन्या ठणठणीत असतील तर चालेल, पण गोळे थांबतीलच असं नाही. परळला मेडिकलच्या काउंटरवर बसतो, तिथे हा प्रश्न नेहमीचाच. वयस्करांवरच्या चाचण्यांत रात्री पायात येणाऱ्या गोळ्यांवर मॅग्नेशियमचा फारसा उपयोग दिसलेला नाही. बद्धकोष्ठतेवर होतो, काहींच्या अर्धशिशीवरही. घेणारच असाल तर डबीची मागची बाजू वाचा. पुढे ठळक अक्षरात 'ग्लायसिनेट 1000 मिग्रॅ' (ग्लायसिनेट म्हणजे मॅग्नेशियमचं एक संयुग) असतं, पण त्यात निव्वळ मॅग्नेशियम जेमतेम 140 मिग्रॅ. अमेरिकेत प्रौढांसाठी गोळ्यांतून दिवसाला 350 मिग्रॅ ही वरची मर्यादा धरतात. जेवणातलं त्यात मोजत नाहीत. ऑक्साइड आणि सायट्रेट या मॅग्नेशियमच्या दुसऱ्या प्रकारांनी पोट सैल होतं, सकाळची विरार लोकल पकडायची असेल तर ध्यानात ठेवा! ग्लायसिनेट त्यामानाने सौम्य.

किडनीचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच, मॅग्नेशियम रक्तात साठून बीपी आणि हृदयाचे ठोके मंदावू शकतात. थायरॉइडची गोळी चालू असेल तर दोन्हींत चार तासांचं अंतर ठेवा. आणि बाजरीची भाकरी, तीळ, शेंगदाणे यांतूनही मॅग्नेशियम मिळतंच, तेही स्वस्तात.