जुन्या फ्लॅटमध्ये भिंती न फोडता लाइट, पंखे आणि गिझर मोबाइलवरून कसे चालवता येतील?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २० वर्षं जुना २ बीएचके, भिंती फोडायच्या नाहीत, भिंतीवरची बटणं चालू राहायला हवीत, घरात इन्व्हर्टर आहे, तर कोणती कंपनी आणि कोणतं अ‍ॅप घ्यावं?

कंपनी आणि अ‍ॅप शेवटी ठरवा. आधी मेन आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद करा, बोर्ड उघडा आणि प्रत्येक बोर्डामागे न्यूट्रल (वीज परत जाण्याची वायर) आहे का ते बघा. सगळं तिथेच ठरतं. साध्या बटणाला न्यूट्रल लागत नाही, म्हणून बोर्डात फक्त फेज (वीज आणणारी वायर) आणतात आणि न्यूट्रल परस्पर दिव्याकडे नेतात. मॉड्यूलला, म्हणजे बोर्डामागे बसवून फोनवरून बटण चालवणाऱ्या छोट्या यंत्राला, मात्र स्वतः जागं राहायला चोवीस तास वीज लागते, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही. ज्या बोर्डावर चालू सॉकेट आहे तिथे न्यूट्रल असणारच. त्यामुळे हॉल आणि बेडरूम बहुतेक सुटतात. अडतं ते बाथरूमबाहेरच्या किंवा पॅसेजमधल्या दोन बटणांच्या छोट्या बोर्डांवर.

वायरच्या रंगावर विसंबू नका. टेस्टर पेटला नाही म्हणजे तो न्यूट्रल, असंही नाही. अर्थिंगच्या वायरवरही तो पेटत नाही, आणि मीटरवर फेज आणि अर्थिंगमध्येही २३० व्होल्टच दिसतात. मेनचा डबल पोल स्विच (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा) आणि इन्व्हर्टर बंद करून डीबीमधल्या (घराच्या मुख्य वितरण पेटीतल्या) न्यूट्रलच्या पट्टीपासून त्या वायरपर्यंत मल्टिमीटरने कंटिन्युइटी (जोड सलग आहे का) मोजा: जवळपास शून्य ओहम यायला हवं, आणि अर्थिंगच्या पट्टीशी तसं येता कामा नये. न्यूट्रल मिळाला नाही म्हणून अर्थिंगची वायर कधीही वापरू नका. अर्थिंग कुठे सुटलं, तर फ्रिज-गिझरच्या धातूच्या अंगावर वीज येते. न्यूट्रल त्याच सर्किटचा हवा. दोन सर्किटांना वेगळे आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारे स्विच) असतील आणि न्यूट्रल शेजारच्या सर्किटमधून घेतला, तर दिवा लावताच ट्रिप होईल.

छोट्या बोर्डांसाठी विनान्यूट्रल मॉड्यूल मिळतात. ते दिव्यामधूनच थोडासा करंट घेत राहतात, म्हणून ५ ते ९ वॅटचा एलईडी बंद असतानाही मिणमिणतो किंवा लुकलुकतो. दिव्याच्या होल्डरपाशी बायपास कपॅसिटर समांतर जोडला की बहुधा थांबतं. पण अशा एका दिव्यासाठी मी तरी ते बटण साधंच ठेवेन.

मॉड्यूल साधारण ४ सेंमी लांब-रुंद आणि २ सेंमी जाड असतो, त्यामुळे बोर्डाची खोली मोजून मगच खरेदी करा. प्रत्येक बटणाला एक मॉड्यूल लावण्याऐवजी बोर्डामागे एक चार चॅनेलचा (चार बटणं चालवणारा) घ्या. जागाही वाचते आणि राउटरवरची गर्दीही. जोडणीत हमखास होणारी चूक म्हणजे एस-१, एस-२ या टर्मिनलांत फेज देणं. कित्येक मॉड्यूलांत तिथे बटणाचा नुसता कोरडा (बाहेरून वीज न दिलेला) संपर्क लागतो आणि फेज दिली की मॉड्यूल जागीच जळतो. काहींत मात्र बटण फेजवरूनच जोडायचं असतं. सोबतची आकृती पाहिल्याशिवाय वायर खुपसू नका. बटण असं जोडलं की फोन आणि भिंत दोन्हीकडून दिवा लागतो, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना नवीन काही शिकावं लागत नाही.

इन्व्हर्टरकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. लाइट-पंख्यांची फेज इन्व्हर्टरच्या लाइनवर असते, पण त्याच बोर्डावरचं पॉवर सॉकेट बऱ्याचदा थेट मेनवर. मॉड्यूलला सॉकेटची फेज दिली तर वीज गेल्यावर इन्व्हर्टर चालू असूनही दिवे लागणार नाहीत. फेज इन्व्हर्टरच्याच लाइनची घ्या. न्यूट्रल दोन्हींचा एक आहे की वेगळा, हे परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्या. राउटरही इन्व्हर्टरवर हवा.

पंख्याला दिव्याचा डिमर लावला की मोटर गुणगुणते. जुना रेग्युलेटर तसाच ठेवून त्याच्याआधी फक्त चालू-बंदचा रिले (विजेने चालणारा स्विच) लावणं सगळ्यांत सोपं. वेगही फोनवरून हवा असेल तर रेग्युलेटर काढून कपॅसिटरवर चालणारं फॅन मॉड्यूल बसवा. दोन्ही एकामागे एक नकोत. बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या, रिमोटच्या) पंख्याला बहुधा रेग्युलेटर चालत नाही. त्याला थेट वीज द्या आणि त्याचा रिमोट इन्फ्रारेड असेल तर आयआर ब्लास्टर (फोनवरून रिमोटचे सिग्नल पाठवणारं यंत्र) वापरा. एसीलाही तोच उपाय. त्याची वीज रिलेने तोडू नका.

गिझरच्या बाबतीत मी अजिबात तडजोड करणार नाही. २,००० वॅटचा गिझर ८.७ अँपिअर घेतो, म्हणून १० अँपिअरचा छोटा रिले कागदावर पुरतो. पण बंद डब्यात रोज अर्धा-अर्धा तास चालून तो तापतो, स्क्रू थोडा सैल असला तर प्लास्टिक करपतं, आणि संपर्क चिकटले तर अ‍ॅपमध्ये ‘बंद’ दिसत असताना गिझर चालूच राहतो. डीबीशेजारी २५ अँपिअरचा कॉन्टॅक्टर (जास्त करंट पेलणारा मोठा रिले) बसवा आणि मॉड्यूलने फक्त त्याची २३० व्होल्टची कॉइल चालवा. भिंतीवरचा गिझरचा डबल पोल स्विच काढू नका. १५ लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायला २,००० वॅटला साधारण १८ मिनिटं लागतात, म्हणून २० मिनिटांचा टायमर पुरे. तो फोनवर नको, मॉड्यूलमध्येच हवा. मॉड्यूलवर तास्मोटा (मॉड्यूलमध्ये चालणारं मोफत सॉफ्टवेअर) असेल तर त्याच्या कन्सोलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या पानावर) ‘पल्सटाइम’ला १३०० द्या: १,२०० सेकंद अधिक १००, कारण ११२ च्या पुढच्या आकड्यांत १०० वजा करून सेकंद धरतात. ‘पॉवरऑनस्टेट’ ० ठेवा, नाहीतर भारनियमनानंतर वीज आली की रिकाम्या घरात गिझर आपोआप सुरू होईल.

आता अ‍ॅप. इंटरनेट नसतानाही चालणारी उपकरणंच घ्या. जुन्या लॅपटॉपवर किंवा रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर होम असिस्टंट हे सॉफ्टवेअर फुकट चालतं आणि वेगवेगळ्या कंपन्यांचा माल एकत्र आणतं. पायवर असेल तर मेमरी कार्डऐवजी एसएसडी वापरा, सतत लिहून कार्ड खराब होतं. बहुतेक वाय-फाय मॉड्यूल फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. जोडणी अडकत असेल तर राउटरवर २.४ आणि ५ ची नावं वेगळी करून फोन २.४ वर न्या. १५-२० पेक्षा जास्त उपकरणं होणार असतील तर झिगबी (वाय-फायऐवजी वापरायची वेगळी बिनतारी पद्धत) बरं: न्यूट्रलवर चालणारा प्रत्येक झिगबी मॉड्यूल सहसा पुढच्याला सिग्नल पोचवतो, बॅटरीवरचे सेन्सर पोचवत नाहीत.

सगळी खरेदी एकदम करू नका. हॉलचा एकच बोर्ड करा आणि आठ दिवस वापरा. त्यात एकदा राउटरची इंटरनेटची वायर काढून बघा, एकदा मेन बंद करून इन्व्हर्टरवर बघा, आणि एकदा मेन पुन्हा चालू केल्यावर कोणता दिवा आपोआप लागतो ते बघा. मग बाकीच्या बोर्डांचा माल मागवा.