वाचकांचे प्रश्न : एकच कॉलम, दोन उत्तरं

प्रश्न : मी सांगलीत एका स्ट्रक्चरल कन्सल्टंटकडे नोकरी करतो. खाली पार्किंग आणि वर चार मजले अशी इमारत आहे. पार्किंगमधला एक कॉलम ३०० × ६०० मिमीचा : एम-२५ काँक्रीट, एफई-५०० च्या २० मिमीच्या आठ सळ्या, मोकळी उंची तीन मीटर, फॅक्टर्ड लोड (सुरक्षा गुणक लावलेला भार) १५०० किलोन्यूटन. ऑफिसच्या जुन्या एक्सेल शीटमध्ये तो आरामात पास होतो, ई-टॅब्स या डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये नापास. साहेब म्हणतात, "सॉफ्टवेअर उगाच स्टील वाढवतं, शीट धर." काय धरू?

उत्तर : तुमची शीट काय करते ते न बघताच सांगतो. ती आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाच्या कलम ३९.३ मधलं सूत्र लावते : काँक्रीटला ०.४ एफसीके, स्टीलला ०.६७ एफवाय (एफसीके, एफवाय म्हणजे त्यांची ताकद, इथे २५ आणि ५००), आपापल्या क्षेत्रफळाने गुणून. तुमच्या आकड्यांनी ते सुमारे २६१७ किलोन्यूटन येतं. १५०० समोर २६१७, म्हणजे पास. ऑफिसा-ऑफिसांत हीच शीट फिरते आहे.

त्या सूत्राला एक अट आहे. किमान एक्सेंट्रिसिटी (भार मध्यापासून किती बाजूला धरायचा ते अंतर) कॉलमच्या त्या बाजूच्या ०.०५ पटीपेक्षा जास्त नसावी. तुमच्या ३०० च्या बाजूला ३०००/५०० अधिक ३००/३०, म्हणजे १६ मिमी येतात, पण कलम २५.४ प्रमाणे २० च्या खाली जाता येत नाही. आणि ३०० ची ०.०५ पट म्हणजे १५. संपलं. ४०० मिमीपेक्षा अरुंद कॉलमला हे सूत्र लागूच होत नाही, आणि आपल्याकडे बहुतेक घरांचे कॉलम अरुंदच असतात, कारण मालकाला ते भिंतीत लपवायचे असतात.

दुसरं, पार्किंगच्या मजल्याला भिंती नाहीत. शिअर वॉलही (आडवा जोर घेणारी काँक्रीटची भिंत) नसेल, तर फ्रेम बाजूला सरकू शकते. अशा कॉलमची इफेक्टिव्ह लेंग्थ (वाकण्याच्या हिशेबासाठीची लांबी) मोकळ्या उंचीच्या किमान १.२ पट धरायची. ३६०० भागिले ३०० म्हणजे बरोबर १२, आणि शॉर्ट कॉलम १२ च्या खालीच. म्हणजे तुमचा कॉलम स्लेंडर (सडपातळ, बाजूला वाकू शकणारा) झाला! त्यामुळे जादा मोमेंट (वाकवणारा जोर) सुमारे ३२ किलोन्यूटन-मीटर येतो (कपात गुणक लावण्याआधी). ई-टॅब्समध्ये इफेक्टिव्ह लेंग्थचा गुणक १.२ ऐवजी १ राहिलाय का, ते आधी बघा. राहिला असेल, तर ते नापास करतंय तेही कमीच.

आता पद्धतीचं. दोन्ही बाजूंनी मोमेंट असला की कलम ३९.६ चं समीकरण लागतं. त्यात प्रत्येक बाजूचा मोमेंट भागिले क्षमता या गुणोत्तराला आल्फा-एन हा घात लावतात आणि बेरीज १ च्या आत बघतात. तो घात पीयू/पीयूझेडवरून (तुमचा लोड भागिले निव्वळ दाबातली क्षमता) ठरतो. तुमचं पीयूझेड सुमारे २९३९, गुणोत्तर ०.५१, म्हणून घात साधारण १.५२. समजा दोन्ही बाजूंना मोमेंट क्षमतेच्या ०.६ पट आहे : बेरीज ०.९२, पास. काही शीटा सोय म्हणून घात १ धरतात, मग १.२ होऊन नापास. सुरक्षित आहे, पण स्टील फुकट जातं.

ई-टॅब्स या वाटेने जात नाही. ते स्ट्रेन कंपॅटिबिलिटीने (काँक्रीट आणि स्टील एकत्र ताणले-दाबले जातात असं धरून) पूर्ण इंटरॅक्शन सर्फेस, म्हणजे लोड आणि दोन्ही मोमेंटच्या क्षमतेची सीमा, बांधतं आणि शून्यबिंदूपासून तुमच्या लोड-मोमेंटच्या बिंदूतून जाणाऱ्या रेषेवर गुणोत्तर मोजतं. म्हणजे मोमेंटबरोबर लोडही वाढवतं. कलमातलं समीकरण लोड तोच ठेवतं. लोड बॅलन्स्ड पॉइंटच्या (जिथे काँक्रीट चिरडणं आणि स्टील यील्ड होणं एकाच वेळी घडतं) वर असेल, तर ई-टॅब्सचा आकडा जास्त कडक दिसतो. खाली असेल, तर उलट, जरा गोड दिसतो. भूकंपात वजन तेच राहतं आणि मोमेंट वाढतो, त्यामुळे ०.९ डेड लोड अधिक १.५ भूकंप या कॉम्बिनेशनचं गोड गुणोत्तर मी तरी जसंच्या तसं घेत नाही. तिथे लोड स्थिर ठेवून हाताने बघतो. सगळ्यात जास्त लोडचं कॉम्बिनेशन तपासून मोकळं होणाऱ्यांची मला भीती वाटते.

अंतिम डिझाइन सर्फेसवरच करा. प्रत्येक गटातला एक कॉलम एसपी-१६ या डिझाइन-चार्टच्या पुस्तकातल्या चार्टवर हाताने पडताळा. १९८० चं पुस्तक आहे, पण आयताकृती नि गोल कॉलमला अजून चालतं. एल किंवा टी आकाराचे चार्ट त्यात नाहीत. तिथे आयत समजून आकडे ढकलू नका, सॉफ्टवेअरमध्ये खरा आकार काढा.

साहेबांशी वाद घालू नका. कलम ३९.३ उघडा, सूत्राच्या आधीची अट दाखवा आणि शीटच्या वरच्या ओळीत एक तपासणी टाका : बाजू ४०० पेक्षा कमी असेल, तर 'लागू नाही'.