पहिली विक्री चौथ्या आठवड्यात

प्रश्न : आमच्या वाणिज्य महाविद्यालयात मी द्वितीय वर्षाला उद्योजकतेचा दोन क्रेडिटचा विषय शिकवते. मुलं प्रकल्प अहवाल सुबक करतात, सादरीकरणही छान होतं. पण सत्र संपलं की सगळं बासनात. काय बदलावं?
– एक प्राध्यापिका, नाशिक जिल्हा

उत्तर : अहवाल सत्राच्या शेवटी ढकला आणि विक्री पुढे आणा. दोन्ही क्रेडिट प्रात्यक्षिकाचे धरले तर ६० तास मिळतात, म्हणजे १५ आठवडे, आठवड्याला चार तास. चौघांचा गट करा, भांडवलाला २००० रुपयांची मर्यादा घाला. पहिले दोन आठवडे प्रत्येक गटाने निदान २० गिऱ्हाइकांशी बोलावं. ‘आम्ही हे केलं तर घ्याल का?’ असं मात्र विचारू देऊ नका. भिडेखातर सगळे ‘हो’ म्हणतात. ‘मागच्या वेळी कुठून घेतलं, कितीला, काय आवडलं नाही?’ एवढंच विचारायचं. तिसऱ्या आठवड्यात थोडाच माल करायचा आणि चौथ्यात विकायचा.

मुलं सर्वांत जास्त चुकतात ती किमतीत. समजा, लाडवांचं पाकीट ५० रुपयांना. कच्चा माल २४, पाकीट-लेबल ४, वाहतूक ३, नासधूस व चवीला वाटलेला माल ३, असा खर्च ३४, सुटतात १६. स्टॉलभाडं ८०० असेल तर ५० पाकिटांत निघालं, म्हणून मुलं खूश. पण १०० पाकिटांना तिघांचे चार-चार तास गेले. तासाला ६० रुपये धरले तरी मजुरी ७२० रुपये, पाकिटामागे ७.२०. आता सुटतात फक्त ८.८० आणि तेच भाडं निघायला ९१ पाकिटं लागतात! हे गणित तुम्ही फळ्यावर सोडवून देऊ नका. त्यांच्याच रोजकीर्दीतून, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीतून, त्यांना काढू द्या. उधारीचा रकाना वेगळा ठेवायला लावा. विक्री झाली पण पैसे आले नाहीत, हे तिथेच दिसतं.

गुण नफ्यावर अजिबात देऊ नका. तसे दिले की मुलं मामा-मावशीच्या गळ्यात माल मारतात. हिशेब, दुसऱ्यांदा आलेली गिऱ्हाइकं आणि पहिल्या विक्रीनंतर काय बदललं व का, यावर द्या. तोट्यात गेलेल्या गटालाही पूर्ण गुण मिळू शकतात, हे पहिल्याच दिवशी सांगा. यशोगाथांच्या व्याख्यानांपेक्षा गावातला एखादा किराणा व्यापारी बिलबुकासह तासाला बोलवा. माल किती दिवस पडून राहतो आणि पैसे कुठे अडकतात, हे त्याच्याइतकं कोण सांगणार?

प्रश्न : कॉलेजात असतानाच मसाल्यांचा व्यवसाय सुरू करायचा आहे. आधी कंपनी काढावी का?
– एक विद्यार्थी, सांगली

उत्तर : नको. एकट्याच्या मालकीवर सुरुवात करा. खाद्यपदार्थ असल्याने एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा संस्थेची नोंदणी मात्र विक्रीआधीच हवी, आणि तिचा क्रमांक पाकिटावर छापावा लागतो. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंद, आधार व पॅनवर सरकारी संकेतस्थळावर मोफत होते. तिच्यासाठी पैसे मागणाऱ्या दलालाला दारात उभं करू नका. केंद्र सरकारच्या ‘मुद्रा’ कर्जयोजनेच्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत विनातारण कर्ज मिळतं, पण तारण नसलं तरी हप्ता चुकत नाही. त्यामुळे निदान तीन महिन्यांची रोजकीर्द हातात आल्यावरच बँकेत जा. व्यवसायाची यूपीआय जमा वेगळ्या खात्यात घ्या. घरखर्चाच्या खात्यात मिसळली तर ती रोजकीर्द जुळवताना नाकी नऊ येतील.