‘चित्र पुसले’ म्हणावे का?

प्रश्न असा आहे. लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयातल्या, अमेरिकन चित्रकार मार्क रॉथकोच्या एका चित्राविषयीच्या लेखाचं मराठी करताना एका वाचकाने लिहिलं, ‘तज्ज्ञांनी चित्र काळजीपूर्वक पुसून पूर्ववत केले.’ मैत्रिणीने वाचून विचारलं, ‘पुसलं तर उरलं काय?’ मग त्यांनी ‘चित्राची साफसफाई’ करून पाहिली, पण ती गॅलरी झाडल्यासारखी वाटली. नेमका शब्द कोणता?

मैत्रिणीची शंका अगदी रास्त आहे. टेबल पुसलं की टेबल राहतं, धूळ जाते. अक्षर पुसलं की अक्षरच जातं. चित्र या दोन्हींत मोडतं. ती घरातली एक वस्तू आहे, म्हणून तिच्यावर धूळ बसते. आणि ते कुणीतरी उमटवलेलं काही आहे, म्हणून ते पुसलंही जाऊ शकतं. ‘चित्र पुसले’ हे वाक्य या दोन अर्थांच्या मधोमध अडकतं.

‘साफ करणे’ घेतलं तरी सुटका नाही. चोर तिजोरी साफ करतात, आपण एखादी गोष्ट साफ विसरतो. ‘साफ’मध्ये काही मागे न ठेवण्याचा अर्थ डोकावतोच. ‘उजळणे’ मला या कामासाठी सगळ्यात धोक्याचं वाटतं. चिंच लावून तांब्या उजळतो तेव्हा चकाकी हवीच असते. पण विसाव्या शतकातल्या कितीतरी चित्रकारांनी मुद्दाम वार्निश लावलं नाही. त्यांना तो कोरडा, चमक नसलेला पृष्ठभागच हवा होता. तो घासला तर तेवढाच तुकडा गुळगुळीत होऊन चमकायला लागतो, आणि ती चमक मग काढता येत नाही. अशा चित्राचं उजळणं म्हणजे त्याचं नुकसान.

वार्निश नसल्याचा दुसरा परिणाम असा की मळ थेट रंगावर बसतो. ॲक्रिलिकमध्ये तर तो रुततो. पाण्यात कालवून लावायचे हे रंग 1950च्या दशकापासून चित्रकारांच्या हाती आले. वाळल्यावरही त्यांचा थर साध्या खोलीच्या तापमानाला थोडा मऊच राहतो, त्यामुळे धूळ त्यात धरली जाते. रंग बनवताना घातलेलं साबणासारखं द्रव्यही हळूहळू पृष्ठभागावर येतं. वर साधं पाणी लागलं तर थर फुगतो. म्हणून पाण्याची आम्लता आणि त्यातल्या क्षारांचं प्रमाण आधी ठरवावं लागतं.

तैलरंगाला पाण्याचं भय नाही असं आपण समजतो. पण विसाव्या शतकातले काही तैलरंग ओल्या कापसाला लागून येतात. त्यामागचं एक कारण सापडलं आहे. काही रंगांत भर म्हणून मॅग्नेशियम कार्बोनेट घातलेलं असे. हवेतल्या सल्फर डायऑक्साइडशी त्याचा संयोग होऊन मॅग्नेशियम सल्फेट तयार होतं, आणि ते पाण्यात सहज विरघळतं. तज्ज्ञ याला ‘जलसंवेदनशीलता’ म्हणतील. मी तरी ‘रंग जातो’ म्हणेन. साडीच्या दुकानात पिढ्यान्‌पिढ्या हाच प्रश्न विचारला गेला आहे: रंग जाईल का हो? माझी आई नवी साडी धुण्याआधी पदराचं आतलं टोक ओलं करून पांढऱ्या रुमालावर दाबून बघायची. चित्रांची निगा राखणारा तज्ज्ञ, म्हणजे संवर्धकही तेच करतो. काडीला कापूस गुंडाळून बारीक बोळा करायचा, तो जेमतेम ओला करायचा आणि चित्राच्या कडेला, नजरेत न येणाऱ्या जागी, न घासता अलगद फिरवायचा. पोळीवर लाटणं फिरतं तसा, पण भार न देता. मग बोळा उजेडात धरायचा. करडा झाला असेल तर मळ आला. तांबडा किंवा निळा दिसला तर हात तिथेच थांबतो.

म्हणूनच हाताच्या क्रियेसाठी ‘पुसणे’पेक्षा ‘टिपणे’ आणि ‘फिरवणे’ जास्त खरे वाटतात. टिपकागद शाई टिपतो, आपण घाम टिपतो. त्यात घासणं नसतं. बोळा अनेकदा चक्क थुंकीने ओला करतात. लाळेतलं पिष्ट पचवणारं विकर (एन्झाइम) मळ सोडवायला मदत करतं, असं 1990मध्ये पोर्तुगालच्या तिघा संशोधकांनी दाखवून दिलं, आणि 2018मध्ये त्यांना त्यासाठी इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला दिलं जाणारं गमतीदार पारितोषिक, मिळालं. पाटी थुंकीने पुसली म्हणून आपण लहानपणी बोलणी खाल्ली. पण थुंकीने पाटी निघते, हे काही खोटं नव्हतं.

आता रॉथकोकडे. ‘ब्लॅक ऑन मरून’ हे 1958चं चित्र. 7 ऑक्टोबर 2012 रोजी एकाने त्याच्या कोपऱ्यात शाईने लिहिलं. शाई रंगाच्या थरांत उतरली, काही जागी कॅनव्हासच्या मागेही पोचली. रॉथकोने पातळ थरांवर थर दिले होते आणि त्यांत तैलरंगाबरोबर अंडं, राळ, सरस असं बरंच काही होतं. शाई विरघळवणारं द्रावण यातलंही काही विरघळवेल, ही खरी भीती. म्हणून दीड वर्षाच्या कामातला मोठा वाटा चाचण्यांतच गेला. रॉथकोच्या कुटुंबाने त्यानेच तशा मरून रंगाचा हात दिलेला एक कॅनव्हास चाचण्यांसाठी दिला. त्याच्यावर तीच शाई लावून एकेक द्रावण तपासलं, आणि शेवटी बेंझिल अल्कोहोल आणि इथिल लॅक्टेट यांचं मिश्रण ठरलं. मे 2014मध्ये चित्र परत भिंतीवर आलं.

इथे ‘पुसणे’चा तिसरा अर्थ आठवतो. संस्कृत ‘प्रोञ्छ्’पासून आलेलं पुसणं आणि ‘प्रच्छ्’पासून आलेलं पुसणं, म्हणजे विचारणं, मराठीत एकाच रूपाला येऊन मिळाले. हिंदीत ते ‘पोंछना’ आणि ‘पूछना’ असे वेगळे राहिले. संतवाणीत हे विचारणं जागोजागी भेटतं, आणि आजही ‘विचारपूस’मध्ये आणि ‘त्याला कोण पुसतो?’मध्ये ते जिवंत आहे. टेटमधल्या त्या चाचण्या म्हणजे अशी विचारपूसच होती. हे सोडतोस का? याने फुगतोस का? त्या अर्थाने तुमचं ‘पुसून’ मला मनापासून आवडलं असतं, पण आजचा वाचक तो अर्थ घेणार नाही.

माझी शिफारस ‘उतरवणे’. ताप उतरतो, नजर उतरवतात, विष उतरवतात. प्रत्येक वेळी वर चढलेलं काही जातं आणि माणूस राहतो. मळाचं पुट चढतं, वार्निश चढवतात, म्हणून तेही उतरवता येतं. मात्र काय उतरवलं त्याचं नाव घ्यायलाच हवं. नुसतं ‘चित्र उतरवले’ म्हटलं तर ते भिंतीवरून काढलं किंवा त्याची नक्कल केली असं होईल. आणि ‘रंग उतरला’ म्हणजे तर अनर्थच. एकूण कामाला ‘संवर्धन’ रुळलं आहे, ते राहू द्या. ‘जीर्णोद्धार’ देवळांना शोभतो.

तेव्हा तुमचं वाक्य असं करता येईल: ‘तज्ज्ञांनी चित्रावरची शाई थोडी थोडी करून उतरवली आणि गेलेला रंग तेवढ्याच जागी भरला.’ आणि धुळीने मळलेल्या एखाद्या चित्राचे दोन फोटो शेजारी छापाल तेव्हा खाली लिहा: ‘मळ उतरवण्याआधी’, ‘मळ उतरवल्यावर’.