बाबांना लिंका पाठवणं थांबव, फोनची वेळ बदल

शिकागोहून एका लेकीचं पत्र आलंय, माहेर आर्वी तालुक्यातलं. आई गेल्यापासून बाबा एकटे, दिवसभर न्यूज चॅनल चालू, आणि आता म्हणतात दिवस खराब आहेत, कोणाला दारात उभं करायचं नाही. वीस वर्षांपासून दिवाळीआधी गाद्या पिंजायला येणारे चाचा, यंदा त्यांना फाटकातूनच परत पाठवलं. हिने फॅक्टचेकच्या लिंका पाठवल्या तर बाबा म्हणाले, "तुम्हाले तिथं बसून काय समजते?" आणि दोन आठवडे फोन नाही उचलला.

बाई, आधी त्या लिंका बंद कर. सत्तरीच्या माणसाला पोरीने व्हॉट्सॲपवर खोटं पाडलं की तो चॅनल बदलत नाही, फोन ठेवतो. आणि तू फोन लावतेस कधी, तर रविवारी सकाळी दहाला, म्हणजे इकडे रात्रीचे साडेआठ-साडेनऊ, डिबेट रंगात आलेली, चार चौकटीत चार जण ओरडतायत आणि त्यात तू पाचवी. तुझ्या रात्री आठला लाव, इकडे सकाळ असते, बाबा चहा घेऊन वावरात निघायच्या बेतात. पऱ्हाटीवर बोंडअळी आली का विचार, पांदण रस्त्याचं ग्रामसभेत काय झालं ते विचार. आपल्याच गडचिरोलीत मेंढा-लेखाची ग्रामसभा आजही बहुमताने नाही, सगळ्यांचं एकमत होईस्तोवर बसून ठरवते, कितीही वेळ लागो. असलं काही टीव्हीवर दिसत नाही, त्यात ओरडायला काही नाही ना.

भीतीला हसू मात्र नकोस. २०१८ च्या जुलैत धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला पोरं पळवणारे आले अशा अफवेवरून भिक्षा मागून पोट भरणारे पाच जण जमावाने मारले, मारणारेही घाबरलेलेच होते. व्हॉट्सॲपवर फॉरवर्डला डबल बाण दिसला की तो मेसेज निदान पाच हातांतून फिरून आलाय आणि पुढे एका वेळी एकाच चॅटला जातो, हे बाबांना दाखव. पण आधी स्वतःचा फोन बघ! तूच लिहिलंयस की निवडणुकीच्या वेळी 'लोकशाही संपली'चे तीन व्हिडिओ तू बाबांना पाठवले होते. दुकान तेच बाई, पाटी तेवढी वेगळी.

मत कोणाला द्या तेही सांगू नको. तुझा पासपोर्ट अजून भारतीय असेल तर फॉर्म ६ए भरून गावच्या यादीत नाव लागतं, पण मत टाकायला स्वतः केंद्रावर यावं लागतं. येणं जमत असेल तर ये, नाहीतर त्यांचं मत त्यांच्याजवळ राहू दे.

माझं आणि भावाचं २०१९ ला असंच वाजलं, दीड वर्ष बोलणं बंद, मग तुरीच्या भावावरून त्याचाच फोन आला. राजकारणाचं काही मिटलं नाही, अजूनही नाही, पण आता तो फोन ठेवत नाही.

चाचांचा विषय तू काढू नको. गावी येशील तेव्हा आईची गादी उन्हात टाक आणि एवढंच म्हण, बाबा, ही दडपून गेली, पिंजायला कोणाला बोलावू? आमच्याकडे असे नंबर कॅलेंडरच्या मागच्या पानावर लिहिलेले असतात, तिथे बहुतेक आईचंच अक्षर असेल. नंबर त्यांनाच वाचून दाखवायला सांग.