धडगावात ऊसतोडीहून परतलेला भाऊ गप्प-गप्प आहे, झोपत नाही. घरचे बडव्याकडे, म्हणजे गावच्या भगत-मांत्रिकाकडे, नेतात. काय करावं?

बडव्यावरून घरात भांडू नका. पूजेसोबत औषधही चालतं. फक्त डाम देणं (तापल्या लोखंडाचे चटके), बांधून ठेवणं होऊ देऊ नका.

आधी फवारणीचं औषध घराबाहेर कुलपात टाका. मग त्याला सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. हो म्हणाला तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

एरवी नंदुरबारला जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवा. पावरी ही तिकडची आदिवासी बोली बोलणारं माणूस सोबत न्या. "उदास वाटतं" असं तो म्हणणार नाही. डोकं जड, छातीत धडधड, भूक मेली असंच सांगेल, आणि मग नुसती दुखण्याची गोळी हातात पडते. म्हणून झोप किती तास, दारू किती, हे तुम्ही सांगा. रोज पीत असेल तर घरच्या घरी दारू एकदम तोडू नका, एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते.

उदासीच्या गोळ्यांचा गुण यायला २ ते ४ आठवडे लागतात. बरं वाटलं की लोक गोळ्या सोडतात आणि आजार उलटतो. पुन्हा तोडीला निघाला तर डॉक्टरांना सांगून जास्त दिवसांच्या गोळ्या आणि चिठ्ठी बरोबर द्या. मध्येच अडलं तर टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६: मोफत, चोवीस तास, मराठीतही.